टीव्ही घ्यायचाय: ओएलईडी, मिनी-एलईडी की क्यूएलईडी?

प्रश्न : गोरेगावला आमचा हॉल पश्चिमेकडे आहे. दुपारी तीननंतर थेट आत ऊन येतं. ५५ इंची टीव्ही घ्यायचा आहे. एका दुकानात ओएलईडी सुचवला, दुसऱ्या दुकानात क्यूएलईडी, तिसऱ्यात मिनी-एलईडी. यांत नक्की फरक काय? आम्ही कोणता घ्यावा? सुट्टीच्या दिवशी घरात क्रिकेट असतंच.

नावं तीन असली तरी मुळात प्रकार दोनच. पहिला एलसीडी. यात मागे दिवे असतात आणि पुढचा लिक्विड क्रिस्टलचा थर तो उजेड अडवतो किंवा सोडतो. दुसरा ओएलईडी. यात मागे दिवेच नसतात, प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा बारीक ठिपका, स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. साधा 'एलईडी टीव्ही' हा एलसीडीच. क्यूएलईडीसुद्धा एलसीडीच, फक्त दिव्यांपुढे क्वांटम डॉटचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा, थर दिलेला असल्यामुळे लाल-हिरवे रंग जास्त शुद्ध दिसतात. ओएलईडीशी त्याचा काही संबंध नाही. मिनी-एलईडी हाही एलसीडी, पण मागचे दिवे अगदी बारीक, संख्येने पुष्कळ आणि गटागटांत विभागलेले. चित्रात जिथे अंधार आहे तिथला गट मंद होतो, जिथे उजेड आहे तिथला प्रखर. या गटांना झोन म्हणतात आणि या करामतीला लोकल डिमिंग.

अंधाऱ्या खोलीत रात्री सिनेमा पाहायचा असेल तर ओएलईडीला तोड नाही. काळा म्हणजे खरोखर काळा, कारण तिथला पिक्सेल बंदच असतो. पण ओएलईडीची एक मर्यादा तुमच्या घरात नेमकी आडवी येईल. पडद्याचा छोटा भाग उजळायचा असेल तर तो झगझगीत उजळतो, पण पूर्ण पडदा एकदम उजळायची वेळ आली की वीज आणि उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी टीव्ही स्वतःहून प्रकाश कमी करतो. दुपारची मॅच म्हणजे पडदाभर हिरवं मैदान. बाहेर ऊन, समोर चकचकीत काच आणि मैदान मंद झालेलं, असं होईल.

म्हणून तुम्ही मिनी-एलईडी घ्या. मात्र खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, झोन किती आहेत ते विचारा. नुसतं 'क्यूएलईडी' लिहिलेल्या स्वस्त मॉडेलमध्ये बहुधा लोकल डिमिंग नसतंच. रंग छान दिसतात, पण रात्रीच्या दृश्यात काळा रंग राखाडी होतो. झोन कमी असले तर काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती धुरकट प्रभा दिसते.

दुकानात कंपनीचा डेमो व्हिडिओ बघून ठरवू नका. तो प्रत्येक टीव्हीवर सुंदरच दिसतो. सेल्समनला शॉप मोड (दुकानात उठून दिसावं म्हणून चित्र भडक करणारं सेटिंग) बंद करायला सांगा, यूट्यूबवर एखादा अंधारा प्रसंग लावा आणि मग बाजूला सरकून बघा. सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याला काय दिसणार ते तिथे कळतं. एलसीडी पॅनलचे, म्हणजे पडद्याचे, मुख्य प्रकार दोन : व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनलमध्ये काळा रंग चांगला मिळतो, पण बाजूने रंग फिके पडतात. आयपीएस पॅनलचं याच्या बरोबर उलट. हॉलमध्ये माणसं पसरून बसत असतील तर ही गोष्ट झोनच्या संख्येइतकीच महत्त्वाची आहे.

प्रश्न : गिरगावात आई-बाबांची दहा बाय बाराची खोली आहे. बाबा सकाळपासून बातम्या लावून बसतात. त्यांना सर्वांत चांगला म्हणून ओएलईडी भेट द्यायचा विचार आहे.

देऊ नका. मनापासून सांगतो, हा पैसा चुकीच्या जागी जाईल. ओएलईडीतले पिक्सेल सेंद्रिय पदार्थांचे असतात आणि वापराने झिजतात. सगळे सारखे झिजले तर लक्षात येत नाही. पण बातम्यांच्या चॅनेलवर कोपऱ्यातला लोगो आणि खालची लाल पट्टी दिवसभर जागची हलत नाही. तेवढेच पिक्सेल जास्त झिजतात आणि पुढे सिनेमा लावला तरी त्या पट्टीची सावली दिसत राहते. याला बर्न-इन म्हणतात. पूर्वीच्या प्लाझ्मा टीव्हीलाही हा त्रास होता. एलसीडीत तो जवळपास नाही.

कंपन्यांनी यावर उपाय केले आहेत. चित्र किंचित इकडेतिकडे सरकवलं जातं, लोगो मंद केला जातो. शिवाय काही तासांच्या वापरानंतर रिमोटने टीव्ही बंद केला की तो स्टँडबायमध्ये स्वतःचे पिक्सेल तपासून समतोल साधतो. आता आपल्या घरातली सवय आठवा. रात्री झोपताना आई भिंतीवरचा स्विच बंद करणार. मग ही दुरुस्ती कधी पूर्णच होत नाही. ज्यांच्याकडे आधीच ओएलईडी आहे त्यांनी एवढं जरूर पाळावं : रिमोटने बंद करा आणि मुख्य स्विच निदान तासभर तरी चालू ठेवा.

बाबांसाठी ४३ इंची साधा फोर-के (३८४० बाय २१६० पिक्सेलचा) एलईडी घ्या. जमल्यास आयपीएस पॅनलचा, म्हणजे आईला ओट्यापाशी उभं राहूनही नीट दिसेल. उरलेल्या पैशांत साउंडबार घ्या. वयानुसार ऐकू कमी यायला लागतं आणि सपाट टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे संवाद पुसट होतात. चित्रापेक्षा स्वच्छ ऐकू येण्याचा त्यांना जास्त उपयोग होईल.

प्रश्न : वर्सोव्याला समुद्राजवळ राहतो. वॉरंटी संपल्यावर काही महिन्यांतच टीव्हीचं चित्र गेलं, आवाज मात्र येतो. मेकॅनिक म्हणतो पॅनल गेलं, नवीनच घ्या. खरं असेल का?

आधी एक तपासणी घरीच करा. रात्री दिवे घालवा, टीव्ही चालू करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरका धरा. टॉर्चच्या उजेडात पुसट चित्र हलताना दिसलं, तर पॅनल शाबूत आहे आणि फक्त मागचे दिवे गेले आहेत. हे दिवे पट्ट्यांवर बसवलेले असतात. त्या पट्ट्यांवरचे एलईडी सहसा एकामागून एक जोडलेले असतात, म्हणून एक गेला तरी अख्खी ओळ विझते. चित्राचा मागमूसही दिसला नाही तर मात्र दोष बोर्डात किंवा पॅनलमध्ये असू शकतो.

पॅनल बदलायचा खर्च जवळपास नव्या टीव्हीइतका होतो. बॅकलाइटच्या पट्ट्या त्यामानाने खूपच स्वस्त आणि लॅमिंग्टन रोडला बहुतेक चालू मॉडेलच्या मिळतात. बदलायच्या तर सगळ्या एकदम बदला, कारण उरलेल्याही तेवढ्याच जुन्या झालेल्या असतात. काम करणारा हात मात्र जपून निवडा : पट्ट्यांपर्यंत पोचायला पॅनल उचलून बाजूला ठेवावं लागतं आणि ती पातळ काच एका चुकीच्या दाबानेही तडकते. दुरुस्तीनंतर सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरवरून साठ-सत्तरवर आणा. दिव्यांचं आयुष्य त्याने खरोखर वाढतं.

खाऱ्या हवेने बोर्डावर आणि मागच्या सॉकेटवर गंज चढतो, म्हणून टीव्ही उघड्या खिडकीच्या अगदी शेजारी लावू नका. आणखी एक, पडद्यावर थेट स्प्रे कधीच मारू नका. थेंब ओघळून खालच्या पट्टीत शिरतात आणि काचेच्या कडेला चिकटवलेल्या नाजूक रिबन (सिग्नल नेणाऱ्या पातळ पट्ट्या) खराब करतात. मग उभ्या रेषा येतात, आणि तो दोष स्वस्तात सुटत नाही. किंचित ओलसर मऊ कापड पुरतं.

प्रश्न : सोफा ते भिंत आठ फूट. ४३ की ५५?

५५. पडदा सुमारे चार फूट रुंद असतो, आधी भिंतीवर चिकटपट्टी लावून माप बघा. एवढ्या अंतरावरून ४३ इंचांत फोर-केचा बारकावा डोळ्यांना जाणवतच नाही, तो पैसा वाया जातो. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या किमती डोक्यात धरून भाव करू नका.

प्रश्न : मुलाच्या प्लेस्टेशन ५साठी काय बघावं?

पॅनल १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारं, आणि एचडीएमआय पोर्ट फोर-के १२० चालवणारा. सगळे पोर्ट तसे नसतात, म्हणून कोणता ते विचारून घ्या. हालचालीच्या स्पष्टतेत ओएलईडी सर्वांत पुढे आहे. पण मुलगा रोज कित्येक तास एकच गेम खेळत असेल तर स्कोअरची पट्टी जागची हलत नाही हे लक्षात ठेवा आणि मिनी-एलईडी बघा.

प्रश्न : नवा फोर-के टीव्ही आणला, पण मालिका जुन्या टीव्हीपेक्षा वाईट दिसतात. चेहरे मेणाचे, साड्यांचे रंग अंगावर येतात. टीव्ही परत करू का?

परत करायची घाई नको. टीव्ही बहुधा ठीक आहे. साध्या एसडी (एचडी नसलेल्या) चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचं, तुमचा पडदा ३८४० बाय २१६०चा. जवळपास वीस पट पिक्सेल टीव्हीला अंदाजाने भरावे लागतात. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी हे एचडीत आहेत, ते पॅकमध्ये घ्या. मग टीव्हीच्या मागे डोकावून बघा. सेट-टॉप बॉक्स अजून लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने जोडलेला असेल तर एचडी चॅनेलचे पैसे भरूनही चित्र एसडीच येणार. बॉक्स एचडीचा हवा, जोडणी एचडीएमआयची हवी आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८० निवडलेलं हवं.

आता टीव्हीचं सेटिंग. पिक्चर मोड 'व्हिव्हिड' असेल तर तो 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटेल, नंतर डोळे सरावतात आणि माणसांची कातडी माणसांसारखी दिसते. शार्पनेस खूप खाली आणा. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) सिनेमा-मालिकांसाठी बंद करा, मेणाचा भास बराचसा त्यातूनच येतो. मॅचला हवं तर चालू करा. बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळी साठवली जाते, म्हणून सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटवर एकदा आणि टीव्हीतल्या ॲपवर एखादा सिनेमा लावून पुन्हा एकदा, असं दोन्हीकडे करा.