नवा आकडा पुढेच का लावतात?

प्रश्न : सात आकडी टेलिफोन क्रमांक आठ आकडी करताना नवा आकडा सुरुवातीलाच का लावतात? शेवटी लावला तर लक्षात ठेवायला सोपा जाईल.

उत्तर : लँडलाइनचं एक्स्चेंज क्रमांक डावीकडून, एकेक आकडा घेत वाचतं. क्रमांक संपला हे सांगणारी खूण त्याला मिळत नाही. २३४५६७८ चा २३४५६७८० केला, तर सातवा आकडा पडताच एक्स्चेंज जुन्या हिशेबाने जोडणी करून मोकळं होईल. शेवटचा शून्य वाऱ्यावर. जुने आणि नवे क्रमांक काही दिवस सोबत चालवायचे तर पुढे एकूण किती आकडे यायचे हे पहिल्याच आकड्यावर कळायला हवं. म्हणून ज्याने आजवर एकही क्रमांक सुरू होत नव्हता, असा आकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. तो शिल्लक नसेल तर एका रात्रीत सगळं बदलावं लागतं.

मोबाइलचं तसं नाही. हिरवं बटण दाबल्यावर अख्खा क्रमांक एकदम जातो, त्यामुळे लांबी मोजता येते. ब्राझीलमध्ये साओ पाउलो भागात २९ जुलै २०१२ ला मोबाइल क्रमांकांपुढे ९ लागला, तेव्हा जुने काही क्रमांकही ९ नेच सुरू होत होते. तरी निभावलं.

प्रश्न : सात आकड्यांत एक कोटी क्रमांक बसतात. ग्राहक त्याहून बरेच कमी असतानाही ते संपतात कसे?

उत्तर : सुरुवातीचे ० आणि १ सहसा बाहेरगावच्या आणि विशेष सेवांसाठी राखलेले असतात, म्हणजे उरले ८० लाख. तेही सुटे मिळत नाहीत, बहुधा १०,००० च्या गठ्ठ्याने वाटले जातात. एखाद्या एक्स्चेंजवर १,२०० जोडण्या असल्या तरी उरलेले ८,८०० तिथेच अडकून पडतात.

प्रश्न : भारतात लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावावा लागतो. म्हणजे मोबाइल क्रमांक अकरा आकडी झाला का?

उत्तर : नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लागू झालेला हा शून्य क्रमांकाचा भाग नाही, तो फक्त एक्स्चेंजला दिलेला इशारा आहे. मोबाइलवरून मोबाइलला तो लागत नाही. त्याआधी एखाद्या मोबाइलला २४ ने सुरू होणारा क्रमांक दिला असता, तर आठ आकडी क्रमांकांच्या शहरात आठव्या आकड्यालाच भलत्या घरी घंटी वाजली असती. शून्य आधी आला की पुढे दहा आकडे यायचे हे ठरलेलं. त्यामुळे एसटीडी कोडांत न वापरलेल्या मालिका मोबाइलसाठी मोकळ्या करता येतात.

प्रश्न : आमच्या भागात क्रमांक वाढणार आहेत. कार्यालयातला ईपीएबीएक्स आणि ग्राहकांची यादी यांत काय बदलावं?

उत्तर : ईपीएबीएक्समध्ये, म्हणजे कार्यालयाच्या आतल्या छोट्या एक्स्चेंजमध्ये, आधी बाहेरच्या क्रमांकाची लांबी पाहा. ती ७ वर बांधलेली असेल तर यंत्र आठवा आकडा गिळतं आणि 'क्रमांक तपासा' असं ऐकू येतं. दोष लाइनचा नसतो. लांबी मोकळी ठेवली तर शेवटच्या आकड्यानंतर यंत्र काही सेकंद वाट पाहतं, आणि लोकांना वाटतं फोन बंद पडला. म्हणून नव्या पहिल्या आकड्यासाठी आठ आकड्यांचा वेगळा नियम लिहा, सातचा नियम जुन्या क्रमांकांची मुदत संपेपर्यंत राहू द्या. एसटीडी-बंदीचा तक्ताही उघडा. त्यात नवा आकडा 'बाहेरगाव' म्हणून अडवलेला सापडण्याची शक्यता बरीच असते.

खरी विसरली जाणारी जागा मात्र वेगळीच आहे : लिफ्टमधला आपत्कालीन फोन, धोक्याच्या घंटेचा डायलर, फॅक्सची स्मृती, कॉल वळवण्याची नोंद. यांना कोणी रोज हात लावत नाही, त्यामुळे चूक कळते ती नेमकी आणीबाणीत. प्रत्येकावरून एकदा प्रत्यक्ष कॉल लावून पाहा.

नवा आकडा २ आहे असं धरू. यादीत नुसतं 'पुढे २ जोडा' असं चालवू नका. ते चुकून दोनदा चाललं तर नऊ आकडे होतात, आणि मोबाइल क्रमांकांनाही २ चिकटतो. अट घाला : लांबी बरोबर सात आणि सुरुवात जुन्या मालिकेची असेल तरच. आधी जुना रकाना जसाच्या तसा बाजूला ठेवा. क्रमांक मजकूर म्हणून साठवा; आकडा म्हणून साठवला की पुढचा शून्य उडतो, आणि एक्सेलच्या साध्या रकान्यात ९१ सकट बारा आकडे टाकले तर ९.१९ई+११ असलं काहीतरी दिसतं. आंतरराष्ट्रीय क्रमांक देशाच्या कोडसह जास्तीत जास्त १५ आकडी असतो, तेव्हा अधिकचं चिन्ह धरून १६ अक्षरांचा रकाना पुरतो. रबरी शिक्के आणि पावतीपुस्तकं मुदत जाहीर होईपर्यंत छापू नका. लंडनकरांना १९९०, १९९५ आणि २००० अशी दहा वर्षांत तीनदा नवी कोड पाटी लिहावी लागली होती.