गोव्यात कोळशाची एकही खाण नाही, मग कुळे–वास्को मार्गावर कोळशाच्या मालगाड्या कशा?

तुम्ही चंद्रपूरचे. मडगावला कोळशाने भरलेल्या गाड्या पाहून तुम्ही विचारलंय, की हा लोहमार्गसुद्धा तुमच्याकडच्यासारखा खाणींसाठीच टाकला होता का.

नाही. तुमच्याकडे आधी कोळसा सापडला आणि मागून रूळ आले. वरोऱ्याचा कोळसा बाहेर काढायला १८७० च्या दशकात वर्ध्याहून जी लाइन टाकली, तिचं नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' होतं. आमच्याकडे रूळ आले १८८७-८८ साली, आणि लोहखनिजाची निर्यात सुरू झाली १९४० च्या दशकाच्या अखेरीला. मधली साठ वर्षं ही रेल्वे खाणींशिवाय चालली, तीही रडतखडत.

मग बांधली कशाला? तर मुरगाव बंदरासाठी. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला. घाटावरचा माल, मुख्यतः धारवाडकडचा कापूस, मुंबईला न नेता सरळ खाली मुरगावला उतरवायचा आणि बोटीत भरायचा, असा हिशेब होता. पैसा लंडनच्या कंपनीचा, भागधारकांना व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. गोव्यात मीठ पिकवण्याचा मक्ता ब्रिटिशांकडे गेला आणि त्या बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. मिठागरांवर जगणारी कितीतरी कुटुंबं यात उघड्यावर आली. त्यातले बरेच जण पुढे याच रेल्वेने मुंबईला पोट भरायला गेले, हा त्यातला कडू भाग.

१८८७ मध्ये गाडी सावर्ड्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी घाट चढून हद्दीपलीकडच्या कॅसलरॉकला पोचली. एकूण सुमारे ८२ किलोमीटर, मीटर गेज. पण कापूस मुंबईची वाट सोडायला तयार नव्हता. अपेक्षेइतका माल आलाच नाही, हमीचे पैसे पोर्तुगीज तिजोरीतून जात राहिले, १८९२ मध्ये तहही संपला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाड्या चालवण्याचं काम पलीकडच्या सदर्न मराठा रेल्वेकडे सोपवून कंपनी मोकळी झाली.

आता घाटाकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाची खरी मेख तिथे आहे.

कुळे ते कॅसलरॉक हे अंतर २६ किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यात गाडी साधारण ५०० मीटर चढते. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रेल्वेच्या भाषेत हा भयंकर चढ आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर आधीच निसरडं, त्यात पावसाळा आमच्याकडचा. म्हणून कुळ्याला गाडीच्या मागे 'बँकर' लावतात. पुढे दोन इंजिनं ओढतात, मागे आणखी दोन-तीन ढकलतात. दूधसागरला धबधबा बघायला जाणाऱ्या लोकांना माझं नेहमी सांगणं असतं, की पाण्याकडे पाठ करून पाच मिनिटं जाणारी मालगाडी बघा. शेवटच्या वाघिणीनंतर जो आवाज येतो, तो पुढच्या आवाजापेक्षा मोठा असतो.

उतरताना प्रश्न उलटा. तिथे ताकद लागत नाही, ब्रेक लागतात. सुटलेली गाडी अडवायला बाजूला चढावर रूळ काढून ठेवलेले असतात, त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. करंझोळ, सोनावळी ही जंगलातली स्टेशनं प्रवाशांच्या चढउतारासाठी नाहीत. गाडी थांबवायला, तपासायला, समोरून येणारीला वाट द्यायला ती आहेत.

आता हे लक्षात ठेवून मालाची दिशा बघा. कापसाची योजना खाली उतरण्याची होती. नंतर बळ्ळारी-होस्पेटचं लोहखनिज आलं, तेही भरून खाली यायचं आणि रिकाम्या वाघिणी वर जायच्या. एका अर्थी घाटाने हा माल फुकटात वाहून आणला. २००० नंतर चीनची मागणी वाढली तेव्हा या मार्गाचे दिवस खऱ्या अर्थाने पालटले. पण जुलै २०१० मध्ये कर्नाटक सरकारने खनिज निर्यात बंद केली, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतल्या खाणीच थांबवल्या, आणि खाली येणारी ही रांग तुटली.

कोळसा मात्र वर जातो. बळ्ळारीजवळ तोरणगल्लूला पोलाद कारखाना आहे. पोलादाच्या भट्टीला कोकिंग कोळसा लागतो आणि तो आपल्या देशात पुरेसा मिळत नाही. ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून तो जहाजाने मुरगावला येतो, धक्क्यावर उतरतो, वाघिणींत भरला जातो आणि मडगाव, चांदर, सावर्डे करत कुळ्याला येतो. तिथून पुढे तोच चढ, या वेळी भरलेल्या वजनासकट. त्यामुळे 'खाणी नाहीत तर कोळसा कशाला' याचं उत्तर असं, की कोळसा गोव्याचा नाही आणि गोव्यासाठीही नाही. आम्ही मधली वाट आहोत.

मग गोव्याचं स्वतःचं खनिज? ते बहुतेक पाण्यातून गेलं. मी कुडचड्याचा, म्हणून हे जरा अधिकाराने सांगतो. (आमच्या स्टेशनवर पाटी सावर्ड्याची आहे, पण स्टेशन कुडचड्यात. बाहेरचे लोक यावरून हमखास गोंधळतात.) खाणीवरून ट्रक जेटीपर्यंत, जेटीवरून बार्ज (नदीतून माल नेणारी सपाट बोट), बार्जमधून मुरगावच्या जहाजात, हीच मुख्य साखळी. जुवारी आणि मांडवी या दोन नद्यांनी जे काम केलं ते रेल्वेला कधी जमलं नसतं. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी समुद्र खवळला, की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून आत वळून जुवारीत यायच्या. सावर्डे-काले भागातला काही माल रेल्वेनेही गेला. पण आमच्या पिढीला खाण म्हटलं की आठवतात ते ट्रक, आणि लाल झालेली झाडं.

मधे १९५५ चा खंड आहे, तोही सांगायला हवा. त्या वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. भारताने नाकेबंदी कडक केली आणि कॅसलरॉकची रेल्वे वाहतूक थांबली. गंमत अशी की याच काळात जपानला जाणारं गोव्याचं खनिज वाढत होतं. घाट बंद असूनही त्याचं काही अडलं नाही, कारण त्याची वाट नदीची होती. १९६१ नंतर मार्ग पुन्हा जोडला गेला आणि १९९० च्या दशकात तो ब्रॉड गेज झाला.

आजचा वाद दुपदरीकरणाचा आहे. रेल्वेचं म्हणणं, एकेरी रुळावर प्रवासी आणि मालगाड्या दोन्ही अडकून पडतात. विरोधकांचं म्हणणं, हे सगळं कोळशासाठी चाललंय. माझ्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण एकेरी मार्गाची सगळ्यात मोठी अडचण घाटात आहे आणि घाटात सगळ्यात जास्त वेळ खाते ती वर जाणारी भरलेली मालगाडी. त्यामुळे कोळशाचा संबंधच नाही, हे पटत नाही. वास्कोत बाल्कनी पुसली की फडकं काळं होतं, तिथल्या माणसाला तर ते मुळीच पटणार नाही. नोव्हेंबर २०२० च्या सुरुवातीला चांदरला हजारो लोक रात्रभर रुळांपाशी बसले ते 'गोंयात कोळसो नाका' म्हणत.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या पट्ट्याच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली, कारण तो पट्टा मोलेच्या अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून जातो. खालच्या सपाटीवरच्या कामांचा वाद त्यापेक्षा वेगळा आहे. तिथे मुद्दा जंगलाचा कमी आणि रुळांना चिकटून असलेल्या घरांचा, जुन्या वाड्यांचा आणि जमिनींचा जास्त. बातमी वाचताना ती घाटाची आहे की सपाटीची, एवढं आधी बघून घ्या.