निवड होऊनही मुलीची आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा हुकली आणि संघटना म्हणते ‘ती गैरहजर राहिली’. काय करावं?

मी सांगलीचा, आणि याच फुफाट्यातून गेलेला बाप.

तुम्ही लिहिलंय की फी भरली, व्हिसासाठी पुण्याच्या दोन खेपा झाल्या आणि आयत्या वेळी कळलं की नाव पुढे गेलेलंच नाही. मग तो ‘गैरहजर’ शब्द आधी खोडून काढा, बाकीचं नंतर. १९७२ साली रेक्याविकला जगज्जेतेपदाच्या लढतीत बॉबी फिशर दुसऱ्या डावाला आलाच नाही आणि गुण समोरच्या स्पास्कीला गेला, ती गैरहजेरी. पट मांडलेला, घड्याळ चालू, खुर्ची रिकामी. तुमच्या मुलीसाठी खुर्चीच मांडली नव्हती.

हे तपासणं सोपं आहे. चेस-रिझल्ट्स या बुद्धिबळाचे निकाल देणाऱ्या संकेतस्थळावर त्या स्पर्धेची सुरुवातीची मानांकन यादी बघा. नाव असेल आणि पहिल्या फेरीत समोरच्याला न खेळता गुण मिळाला असेल, तर नोंदणी झाली होती. यादीत नावच नसेल, तर चूक तुमच्या घरात शोधण्याचं कारण नाही. ते पान आजच छापून ठेवा.

वयोगटाच्या जागतिक किंवा आशियाई स्पर्धेत पालक परस्पर नाव देऊ शकत नाहीत, ते राष्ट्रीय महासंघाकडूनच जावं लागतं. त्यामुळे जिल्हा राज्याकडे बोट दाखवतो, राज्य वरच्या राष्ट्रीय महासंघाकडे, आणि वरचे म्हणतात, ‘आमच्याकडे आलंच नाही’.

माझ्या पोराच्या वेळी मी अर्ज आणि पैसे एका पदाधिकाऱ्याच्या हातात दिले. ओळखीचा माणूस, शेजारी बसून चहा घेतला, पावती कशाला मागायची! माझं स्वतःचं झेरॉक्सचं दुकान आहे. अख्ख्या विश्रामबागच्या सातबाऱ्यांच्या प्रती मी काढतो, आणि माझ्याच मुलाच्या अर्जाची एक प्रत माझ्याकडे नव्हती. बायको अजून हे पाहुण्यांना सांगते. पुढे भांडायला गेलो तर पहिलाच प्रश्न, ‘दिल्याचा पुरावा?’

तुमच्याकडे बँकेतून फी गेल्याची नोंद आहे म्हणता, म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्या जागी आहात. आता जिल्हा आणि राज्य संघटनेला लेखी विचारा: नाव कोणत्या तारखेला, कोणाला पाठवलं? फोनवर बोलू नका, फोनवर सगळेच गोड असतात. सरकारी अनुदान घेणाऱ्या राष्ट्रीय क्रीडा महासंघांना माहितीचा अधिकार लागू होतो. तिथे १० रुपयांचा अर्ज करून हीच तारीख मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तारीख हाती आली की घोडं कुठे अडलं ते कळतं.

कोर्टाचं म्हणाल, तर खेळाडूंनी बुद्धिबळ महासंघाशी लढून जिंकल्याचं उदाहरण आहे. महासंघाची मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळले म्हणून खेळाडूंवर बंदी घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने (खेळाच्या नव्हे, बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारा सरकारी आयोग) २०१८ मध्ये महासंघाला दंड केला. पण त्याला वर्षं लागली, आणि वयोगटातल्या पोरांना वर्षंच परवडत नाहीत. म्हणून मी तरी दोनच गोष्टी मागेन: पैसे परत, आणि नोंदणी झाली नव्हती असं लेटरहेडवर पत्र. ते पत्र पुढच्या निवडीच्या वेळी दाखवता येतं.

एक मात्र माझं चुकलं. हा तंटा मी रोज जेवताना काढायचो. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्यभर बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवल्या, बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे इथूनच पुढे गेल्या, अशा सांगलीत राहून माझ्या पोराने दोन महिने पटाला हात लावला नाही. चिडला होता तो माझ्यावर, संघटनेवर नाही.

पैसे पाच महिन्यांनी आले, रोख, पाकिटात. या वेळी मात्र पावतीवर सही मलाच करायला लावली.