व्हेपवर बंदी, सिगारेट मात्र टपरीवर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात धूम्रपान सोडण्याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी अनेक पत्रे ई-सिगारेटवरील, म्हणजेच व्हेपवरील बंदीबद्दल आहेत. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वय 47 असून मी एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. बावीस वर्षे रोज बारा ते पंधरा सिगारेटी ओढत होतो. 2018 मध्ये मित्राने व्हेपचे यंत्र दिले आणि तीन महिन्यांत सिगारेट पूर्ण सुटली. पुढच्या वर्षी बंदी आली, रिफिल मिळेनाशी झाली आणि त्याच दिवाळीत मी पुन्हा सिगारेटवर आलो. माझा पुतण्या इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तिथे हीच वस्तू दुकानात राजरोस मिळते. तिकडे जी वस्तू सिगारेट सोडण्यासाठी सुचवली जाते, ती इथे गुन्हा कशी?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : आपल्या तक्रारीत तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. 18 सप्टेंबर 2019 रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात या सर्वांवर या कायद्याने बंदी आहे. व्याख्या इतकी व्यापक आहे की द्रवात निकोटिन असो वा नसो, तो तापवून ओढण्याचे कोणतेही विजेवरचे साधन, तंबाखू न जाळता केवळ तापवणारी उपकरणे आणि ई-हुक्का हे सर्व तिच्यात येते. विक्रीसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गुन्हा पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. स्वतः व्हेप ओढणे हा वेगळा गुन्हा म्हणून कायद्याच्या मजकुरात नमूद नाही. मात्र तो जवळ बाळगण्याबाबतही आरोग्य मंत्रालयाने कडक भूमिका घेतलेली आहे.

या निर्णयामागची भीती खोटी नव्हती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे 2019 मध्ये श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली होती. त्याच वर्षी अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीत माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील 27.5 टक्के विद्यार्थी ई-सिगारेट ओढत असल्याचे दिसून आले. आपल्याकडे 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत हे प्रमाण प्रौढांमध्ये अवघे 0.02 टक्के होते. रोप मूळ धरण्याआधीच उपटावे, असा सरकारचा विचार होता, आणि शाळकरी मुलांपुरता तो मला आजही पटतो.

परंतु आपण शाळकरी मूल नाही. बावीस वर्षे सिगारेट ओढणाऱ्या माणसाचा हिशेब निराळा असतो, आणि तो या कायद्यात मांडलेला नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. सिगारेटमध्ये तंबाखूचे पान जळते, आणि कर्करोग, श्वसनाचे जुनाट आजार, हृदयविकार यांना कारण ठरणारी रसायने मुख्यतः त्या जळण्यातून निघतात. निकोटिन व्यसन लावते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते, परंतु फुप्फुसाच्या कर्करोगाचे मुख्य कारण निकोटिन नसून धूर आहे. म्हणूनच ब्रिटनने व्हेपवर बंदी न घालता त्याला नियमांनी बांधले. 2016 च्या नियमांनुसार तेथे एका मिलिलिटर द्रवात 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही, टाकीत 2 मिलिलिटरहून अधिक द्रव मावता कामा नये, आणि प्रत्येक वस्तूची औषध नियंत्रकाकडे आगाऊ नोंद करावी लागते. मुलांमध्ये एकदा वापरून फेकण्याच्या व्हेपचे लोण पसरू लागले तेव्हा 1 जून 2025 पासून त्यांची विक्रीही तेथे बंद झाली.

इंग्लंडमध्ये 886 धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षभरानंतर व्हेपच्या गटातील 18 टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती. निकोटिनचे पॅच (त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या), च्युइंगम वगैरे घेणाऱ्यांत हे प्रमाण 9.9 टक्के होते. या आकड्यांशेजारी दुसरे दोन आकडेही ठेवायला हवेत, कारण व्हेपचे समर्थक ते सहसा सांगत नाहीत. व्हेपच्या गटात ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यापैकी 80 टक्के लोक वर्षअखेरीसही व्हेप ओढतच होते, तर दुसऱ्या गटात पॅच-गम चालू ठेवणारे 9 टक्के होते. शिवाय दोन्ही गटांतील लोकांना आठवड्याच्या आठवड्याला समुपदेशन मिळत होते. ब्रिटनमध्ये व्हेपच्या मागे सरकारी आरोग्यसेवेची व्यसनमुक्ती केंद्रे आणि सिगारेटवरचा जबर कर उभा आहे. तिथून केवळ यंत्र उचलून पिंपरीच्या टपरीवर ठेवले असते, तर तसाच परिणाम दिसला असता असे मी म्हणणार नाही.

मला खटकते ते वेगळेच आहे. 2019 मध्ये आपल्यासारख्यांच्या हातून एक साधन काढून घेतले गेले, पण त्याच दिवशी दुसरे साधन हातात दिले गेले नाही, आणि सिगारेट मात्र होती तिथेच, कोपऱ्यावरच्या टपरीवर राहिली. बंदी घालणाऱ्यांनी निदान प्रत्येक औषधदुकानात आणि प्रत्येक सरकारी रुग्णालयात निकोटिनचा पर्याय मिळेल, अशी व्यवस्था आधी करायला हवी होती.

आपल्यासाठी आजही मार्ग आहे. 2018 मध्ये आपल्या शरीराला निकोटिन मिळत राहिले आणि धूर थांबला, म्हणून सिगारेट सुटली. तेच काम औषधी निकोटिन करू शकते. ते व्हेपइतके झटपट तलफ भागवत नाही, म्हणून बरेच जण चार दिवसांत सोडून देतात. 2 मिलिग्रॅमचे च्युइंगम औषधदुकानात सहज मिळते. परंतु दिवसाला पंधरा सिगारेटी आणि उठल्यावर अर्ध्या तासात पहिली, अशी सवय असेल तर 4 मिलिग्रॅमचे लागते आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. गम सतत चघळायचे नसते. जिभेला तिखट चव लागली की ते गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचे, चव ओसरली की पुन्हा थोडे चावायचे. चहा-कॉफी घेतल्यावर पंधरा मिनिटे गम घेऊ नये, कारण तोंडातील आम्लामुळे निकोटिन नीट शोषले जात नाही. कारखान्यात चहाच्या सुट्टीत गम घेणाऱ्यांचा प्रयत्न बहुधा इथेच फसतो. दिवसभर पॅच आणि तलफ आल्यावर गम, असा जोड उपचार एकट्या गमपेक्षा अधिक उपयोगी पडतो. हे पुरेसे पडले नाही तर व्हॅरेनिक्लीन किंवा ब्युप्रोपिऑन या गोळ्या आहेत. त्या मात्र तपासणीनंतर, चिठ्ठीवरच घ्याव्यात. एकदा आपली सिगारेट सुटलेली होती, हे विसरू नका. ज्यांची एकदाही सुटलेली नाही, त्यांच्यापेक्षा आपले काम सोपे आहे.

प्रश्न : मी मेलबर्नला राहतो आणि सिगारेट सोडून दोन वर्षे व्हेप वापरतो. गणपतीत तीन आठवडे रत्नागिरीला येणार आहे. केवळ स्वतःपुरते एक यंत्र सामानात आणले तर चालेल का?
— एक वाचक, ऑस्ट्रेलिया

उत्तर : चालणार नाही. आयातीवरील बंदीत वैयक्तिक वापरासाठी सूट नाही, त्यामुळे विमानतळावर ते जप्त होऊ शकते आणि पुढची कटकट वेगळी. ऑस्ट्रेलियात आता व्हेप केवळ औषधदुकानातून मिळतो, म्हणजे आपले औषधविक्रेत्याशी बोलणे होतच असेल. निघण्यापूर्वी पंधरा दिवस त्यांच्याच सल्ल्याने पॅच आणि गमवर या, म्हणजे शरीराला सवय होईल. गणपतीत घरी सगळे भाऊबंद जमले की मागच्या पडवीत सिगारेटचे पाकीट फिरतेच, आणि व्हेप जवळ नसताना घसरण्याचा धोका तिथेच सर्वांत मोठा असतो. घरातल्या एका तरी माणसाला हे आधी सांगून ठेवा.

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात पेनसारखी एक रंगीत वस्तू सापडली. आंब्याचा वास येत होता. तो म्हणतो, यात फक्त वाफ असते, तंबाखू नसते. बंदी असताना ही वस्तू त्याला मिळाली कुठून? पोलिसांत जावे का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, तंबाखूचे पान त्यात नसते एवढेच मुलाचे म्हणणे खरे आहे. तंबाखूतले निकोटिन त्यात बहुधा असते, आणि किती असते हे ना त्याला माहीत, ना विकणाऱ्याला. चोरट्या मार्गाने आलेल्या मालाला मोजमाप नसते. ब्रिटनमधील आई निदान वेष्टनावरची मात्रा वाचू शकते. आपल्याला तीही सोय नाही, कारण बंदी असलेल्या वस्तूवर नियम लावता येत नाहीत. बंदीची ही किंमत आहे, आणि ती आपल्या मुलासारखी मुले मोजत आहेत.

2019 मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या गंभीर आजाराची साथ आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्णांची नोंद झाली आणि 68 जण दगावले. तपासात मुख्य दोष व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थाकडे गेला. बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेला आणि अनधिकृत मार्गाने मिळवलेला द्रव ओढला होता. मुलाला घाबरवण्यासाठी हे सांगू नका. ज्या द्रवात काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही, तो फुप्फुसात ओढण्याचा अर्थ काय, हे त्याला शांतपणे समजावण्यासाठी सांगा.

पोलिसांकडे विक्रेत्याविरुद्ध अवश्य जावे. उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला झडती घेण्याचा आणि माल जप्त करण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. मुलाला मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. तो किती दिवसांपासून ओढतो, सकाळी उठल्याबरोबर हवेसे वाटते का, ते नसले की चिडचिड होते का, एवढे विचारा. उत्तरे होकारार्थी असतील तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. अठरा वर्षांखालील मुलाला निकोटिनचे गम आपल्या मनाने आणून देऊ नये. त्याच्या वयात मेंदूची घडण अजून चालू असते आणि निकोटिनची सवय लवकर जडते, म्हणून परीक्षा संपेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्या गावात व्हेप कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. इथे विडी आहे आणि खर्रा आहे. कित्येक घरांत बायका विड्या वळतात. या बंदीचा आम्हाला काय उपयोग?
— एक शिक्षक, गोंदिया

उत्तर : सर, आपल्या गावातील विडी ओढणाऱ्याला या बंदीचा ना लाभ झाला, ना तोटा. 2016-17 च्या पाहणीत देशातील 7.7 टक्के प्रौढ विडी ओढत होते आणि 4 टक्के सिगारेट. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे 3.8 टक्के होते, तर खर्रा, मिश्री, मळलेली तंबाखू अशा बिनधुराच्या प्रकारांचे सेवन करणारे 24.4 टक्के. व्हेपवरचा वाद शहरातला आहे. तंबाखूने होणाऱ्या मृत्यूंचा मोठा वाटा मात्र आपल्यासारख्या गावांत आहे.

बंदीचा हुकूम आणि त्याची अंमलबजावणी यांतले अंतर आपण रोज पाहता. राज्यात गुटखा 2012 पासून बंद आहे, तरी तो मिळतो. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने सुट्ट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. तो आदेश माझ्या मते व्हेपबंदीहूनही मोलाचा होता, कारण सुटी विडी किंवा सिगारेट घेणाऱ्याला पाकिटावरचे चित्र दिसत नाही, आणि त्या चित्राखाली छापलेला, तंबाखू सोडण्यासाठी मदत करणाऱ्या दूरध्वनीसेवेचा क्रमांकही दिसत नाही. हा आदेश किती टपऱ्यांवर पाळला जातो, हे आपणच मला सांगू शकाल.

तो क्रमांक 1800-11-2356 हा आहे. 2018 पासून तो तंबाखूच्या वेष्टनांवर छापणे बंधनकारक आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. पाकिटावरची अक्षरे बारीक असतात आणि ओढणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाचता येत नाहीत. आपण तो शाळेच्या दर्शनी भिंतीवर हाताएवढ्या अंकांत रंगवून घेतला, तर पालकसभेला येणारा प्रत्येक बाप तो पाहील. आपल्याकडच्या विडी ओढणाऱ्याला जुनाट खोकला असतो आणि तो त्याला विडीचाच खोकला समजतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला असेल, तर आशा ताईंबरोबर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी तेथे मोफत होते. तपासणी झाली की विडी सोडण्यासाठी जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्राची चिठ्ठी त्याच भेटीत मागून घ्यावी.