बाळंतपण अंबाजोगाईला, मग पॅकेज बीडला कशाला?

प्रश्न : आम्ही गेवराईजवळच्या खेड्यातले. बायकोला तिसरा महिना, पहिलीच वेळ. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. बीडच्या एका दवाखान्यानं तपासण्या आणि बाळंतपण मिळून 48,000 चं पॅकेज सांगितलंय. या आठवड्यात भरलं तर 5,000 सूट. 60,000 ची एफडी मोडू का? सातव्यात ती माहेरी, अंबाजोगाईला जाणार आहे.

उत्तर : दादा, तुमचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. वहिनी सातव्यात माहेरी गेल्या की बाळंतपण तिकडेच. पॅकेजमधला मोठा वाटा बाळंतपणाचा, तोच वाया जाणार. 5,000 वाचवायला 43,000 अडकवायचे?

तपासण्यांचा खर्च एकदम अंगावर येत नाही. सरकारी वेळापत्रकात किमान 4 तपासण्या आहेत, पहिली 12 आठवड्यांच्या आत. जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून 8 सांगते. डॉक्टर म्हणतील तेवढ्या करा, तिथे काटकसर नको. माहेरी जाईपर्यंत बीडच्या तीन-चार फेऱ्या आणि 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी, एवढंच. दर फेरीला फी द्या, महिन्याला 2,500 वेगळे काढा. (एसटीत वहिनींना अर्धंच तिकीट, 2023 पासून.) चौथ्या महिन्यापासून दर 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडून मोफत तपासणी होते, तीही धरा.

आशाताईंकडे नाव नोंदवलंय का? नसेल तर याच आठवड्यात. नोंदणी आणि एक तपासणी वेळेत झाली, की मातृवंदना योजनेचे पहिले 3,000 मिळतात. बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्यावर 2,000. पैसे वहिनींच्या आधार जोडलेल्या खात्यात येतात, तुमच्या नाही. तपासणीचं कार्ड माहेरच्या पिशवीत पहिलं ठेवा.

अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझरसुद्धा, मोफत. खासगीतच करायचं ठरलं, तर दर तिथले विचारा, बीडचे नव्हे.

एफडी मोडू नका. मध्येच बीपी वाढला, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर रात्री अकराला हेच पैसे कामी येतील. नवीन विमा आत्ता घेऊन या बाळंतपणाला उपयोग नाही, त्यात वाट पाहण्याची मुदत असते.

एवढं सांगूनही घरचे पॅकेजवर अडून बसले, तर काउंटरवर विचारा : सातव्यानंतर आलो नाही, तर किती परत? उत्तर लेखी घ्या.