भाच्याची गोळी मला चालेल का?

प्रश्न : माझं वय ५६. लहानपणापासून इसब आहे. आता मान, कोपर, गुडघ्यांच्या मागे सगळीकडे पसरलंय, रात्र-रात्र झोप नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी आधी उपाडासिटिनिबचं नाव काढलं, पण मी रोज पाच-सहा सिगारेटी ओढतो हे कळल्यावर थांबले आणि टीबी, कावीळ, कोलेस्टेरॉल असल्या ढीगभर तपासण्या लिहून दिल्या. भाच्याची खाज याच गोळीनं आठवड्यात गेली. त्याच्याकडे काही गोळ्या उरल्यात. सुरू करू का?

उत्तर : नको. त्या गोळ्या आजच परत करा.

गुण येतो हे खरंच, आणि भराभर येतो. पेशीच्या आत खाजेचा, दाहाचा निरोप पुढे धाडणारं ‘जॅक’ नावाचं एन्झाइम ही गोळी अडवते. पण विषाणूंशी आणि टीबीशी लढायचे निरोपही त्याच वाटेनं जातात. शरीरात दबून बसलेला टीबी किंवा ‘बी’ प्रकारची कावीळ मग डोकं वर काढू शकते. म्हणून त्या तपासण्या.

तुमचे डॉक्टर सिगारेटपाशी अडले, ते बरोबरच. याच कुळातल्या टोफासिटिनिबचा अभ्यास संधिवाताच्या, पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांवर झाला. त्यात हृदयविकाराचे झटके आणि कॅन्सर जास्त दिसले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या कुळातल्या संधिवातासारख्या आजारांच्या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला. इसबाच्या रुग्णांना तो जसाच्या तसा लावावा का, यावर आम्हा डॉक्टरांतही वाद आहे. तरी युरोपात धूम्रपान करणाऱ्यांना दुसरा योग्य पर्याय नसेल तरच ही गोळी देतात. तुम्हाला पर्याय आहे : ड्युपिलुमॅबचं इंजेक्शन, बहुधा दर दोन आठवड्यांनी. त्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. भाचा तरुण असेल, सिगारेट ओढत नसेल, तर त्याचा हिशेबच वेगळा.

एक चूक माझीही सांगतो. एका बाईंना ही गोळी देताना मी रक्ताचे सगळे रिपोर्ट बघितले, लसीचं विचारायचं राहिलं. तीन महिन्यांनी त्या आल्या. पाठीपासून छातीखालपर्यंत, एकाच बाजूला, पट्टा बांधल्यासारखे फोड. नागीण! इसब मात्र पार गेलेलं. मला काय बोलावं सुचेना. आता केसपेपरवर सगळ्यात वर लाल शाईनं ‘नागिणीची लस?’ लिहितो, मगच पेनला औषधाचं नाव लिहू देतो.

पुढेमागे गोळी सुरू झालीच, तर खाज थांबली म्हणून फेरतपासणी चुकवू नका. बरेच जण नेमकं तेच करतात. पांढऱ्या पेशी, यकृत, कोलेस्टेरॉल पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा बघावं लागतं. आणि जाताना चालू औषधांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. गजकर्णासाठी कुणी इट्राकोनॅझोल दिलेलं असतं, त्यानं या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. रुग्ण मात्र ‘ते काय, खाजेचंच औषध’ म्हणून सांगत नाहीत.