सोलापुरात '१९६६ चा' म्हणून विकायला आलेला फेंडर ट्विन रिव्हर्ब गिटार अ‍ॅम्प्लिफायर: भाव योग्य आहे का, कसं ओळखायचं?
ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर मूळचे आहेत का, यावर भाव ठरवा. बाहेरच्या चकाकीवर नको. व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प दुरुस्त करताना मीही आधी ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरवर छापलेले आकडेच वाचतो. पहिले तीन कारखान्याचे, पुढचे वर्षाचे आणि आठवड्याचे. ट्रान्सफॉर्मरवर ६०६-६-३२ असेल तर शूमाकर, १९६६ चा ३२वा आठवडा. स्पीकरवर २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड. वर्षाचा आकडा एकच असला तर तो १९७६ चाही असू शकतो, म्हणून अ‍ॅम्पच्या समोरची, बटणांची पट्टी बघा: काळी साधारण १९६७ पर्यंत, चंदेरी त्यानंतरची. फिल्टर कपॅसिटर (आतला वीजपुरवठा स्थिर ठेवणारे भाग) बदललेत म्हणून भाव पाडू नका, इतक्या वर्षांत ते सुकतातच. उलट जुनेच असतील तर तो खर्च तुमच्या डोक्यावर.

मात्र अमेरिकेत विकलेला सेट ११७ व्होल्टचा असतो. आपल्या २३० च्या प्लगात थेट खोचला की संपला! स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचे पैसे भावातून वजा करा. आणि चॅसिस (आतला सर्किटचा धातूचा सांगाडा) स्वतः बाहेर काढू नका, बंद केल्यावरही आत ४०० व्होल्ट टिकून राहू शकतात. व्हॉल्व्हचे रेडिओ हाताळलेला एखादा जुना मेकॅनिक सोबत न्या.